बिनस्वप्नांची झोप

“लाइन सोडू नका,” फोनमधली बाई म्हणाली, आणि ओडेटच्या तोंडून आपसूक निघून गेलं, “तुम्ही नक्की कुठे आहात? ठिकाण सांगा.”

फोनमधली बाई खरी नव्हतीच. औषधाच्या कंपनीने भरून ठेवलेला आवाज होता तो. आमची सगळी माणसं दुसऱ्या ग्राहकांशी बोलताहेत, लाइन सोडू नका, एवढं म्हणून तो आवाज गप्प झाला होता आणि मागे कुठला तरी पियानो वाजायला लागला होता. ओडेटला हे कळत होतं. आपण स्वयंपाकघरात उभ्या आहोत, समोर औषधी तेलाची तपकिरी बाटली आहे, तिच्या तळाशी थोडंसंच तेल उरलंय आणि ते संपायच्या आत नवीन बाटली मागवायची आहे, हे सगळं तिला स्वच्छ कळत होतं. तरी ती बोलत राहिली. “गाडीतून उतरू नका. इंजिन चालू असेल तर काच बोटभर खाली ठेवा. मदत निघालीये.” हा आवाज तिचा रोजचा नव्हता. घशाच्या कुठल्या तरी वेगळ्या कप्प्यात तो इतके दिवस पडून होता, सपाट, स्वच्छ, घाई नसलेला. दोन हिवाळ्यांत तिने तो फोनवर वापरला नव्हता आणि तरी त्याला जराही गंज चढलेला नव्हता. पियानो वाजत होता. पलीकडून कुणी ठिकाण सांगत नव्हतं. लिओनेल, तिचा नवरा, बटाटा सोलता सोलता वळला.

“कुणाशी बोलतेस?”

“कुणाशी नाही.”

“मग ठेव की फोन.”

फोन ठेवायला हरकत नव्हती, पण बोटं ऐकत नव्हती. लिओनेलने बटाटा ओट्यावर ठेवला, हात पुसले, आणि तिचं एकेक बोट सोडवून फोन काढून घेतला. शाळेची बस चालवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. रडणाऱ्या पोरांना उगाच प्रश्न विचारले की ती जास्त रडतात, हे त्याला ठाऊक होतं. “उद्या मागवू,” एवढंच तो म्हणाला. ओडेट हो म्हणाली. उद्या आपण फोन करणार नाही, हे तिला हो म्हणतानाच कळलं होतं.

कॅनडातल्या विनिपेग शहराच्या तातडीच्या फोनकेंद्रात ती कितीतरी वर्षं बसली होती. कानाला यंत्र, समोर तीन पडदे, आणि कानात सगळ्या शहराची वाईट वेळ. आग, चोऱ्या, छातीत कळ, न्हाणीघरात पडलेल्या म्हाताऱ्या. तिने कधी रक्त पाहिलं नाही, धूर हुंगला नाही. धाकटी बहीण जिनेट हेच म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची: “अगं, अॅम्ब्युलन्सवाल्यांना असं मनाचं दुखणं झालं तर मी समजू शकते. सैनिकांना होतं, तेही कबूल. तू तर खुर्चीत बसलेली होतीस. गरम खोलीत. कॉफी पीत.” जिनेटच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. खुद्द ओडेटलाही तसंच वाटायचं. आपण हे दुखणं कुणाच्या तरी हक्कातून चोरलंय, असं काहीसं. मदत निघायची, गाडी पोचायची, आणि गाडी पोचली की फोन तिकडच्या माणसाने ठेवायचा, हा नियम. पुढे काय झालं ते कळायचं नाही. अर्धवट गोष्टींचा ढीग डोक्यात घेऊन ती सेंट बोनिफस भागातल्या आपल्या घरी यायची, वाटाण्याचं सूप गरम करायची, आणि जेवून झोपायची. झोप लागायची. तो फोन येईपर्यंत लागायची.

फोन दुपारी आला होता. वादळ सकाळपासूनच होतं. थोड्याच वेळात हमरस्ते बंद केल्याची घोषणा झाली होती, बर्फ काढणाऱ्या गाड्यासुद्धा दुपारी माघारी बोलावल्या होत्या, कारण चालकांना आपल्याच गाडीचं नाक दिसत नव्हतं. ओसिप होलोवाटी नावाचा म्हातारा बोसेजूर गावाकडून एका दफनविधीवरून परतत होता. हमरस्ता बंद म्हणून त्याने शेतांमधला रस्ता धरला, आणि त्या रस्त्यावर कुठेतरी त्याची गाडी बर्फात रुतली. कुठे ते त्याला सांगता येईना. फोनच्या मनोऱ्यावरून पडद्यावर एक वर्तुळ उमटलं, त्यात कितीतरी शेतं मावत होती. “पोरी, मी पांढऱ्यात आहे,” तो म्हणाला होता. “डावीकडे पांढरं, उजवीकडे पांढरं. आता तूच शोध.” आवाज जाड, घोगरा, प्रत्येक वाक्याआधी एक छोटा खोकला. केंद्रात आपलं नाव सांगायचं नसतं, नंबर सांगायचा; तिने नाव सांगितलं. “ओडेट? म्हणजे फ्रेंच. मला बोलण्यावरूनच वास आला,” तो म्हणाला. “फ्रेंच लोक असल्या वेळी काय खातात गं?” “डुकराच्या मांसाची कचोरी,” ती म्हणाली. “आमच्या युक्रेनी घरांत बटाटा भरलेल्या पिरोगी,” तो म्हणाला, “पण दोन्ही गाडीत नाहीत, तेव्हा भांडायला नको.” तिच्या मागे सुपरवायझर बेव्हर्ली खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. ओडेटचे बाकीचे फोन दुसऱ्यांनी घेतले. बर्फावर चालणारी स्नोमोबिल घेऊन दोघं स्वयंसेवक निघाले आणि वाट चुकून माघारी आले. पुन्हा निघाले. ओसिप बोलत राहिला, कारण ओडेट त्याला बोलतं ठेवत होती. झोपू द्यायचं नाही, एवढंच काम तिच्या हातात उरलं होतं. त्याने तिला बायकोबद्दल सांगितलं, जी गेली होती. आइस हॉकीच्या मैदानावर बुटांच्या पात्यांना धार लावायचं काम कसं असतं ते सांगितलं. धार बोटाने बघायची नाही, नखाने बघायची. एका लग्नात तो कसा टेबलावरून पडला होता ते सांगितलं आणि स्वतःच हसला. इंजिन बंद पडलं तेव्हा त्याने ते असं सांगितलं, की जसं कुणी म्हणावं, दूध संपलं. मग वाक्यं लांबायला लागली. शब्द एकमेकांत मिसळायला लागले. बाहेर अंधार पडला होता, तिच्या खिडकीबाहेर आणि त्याच्याही. आणि मग तो एकदम स्पष्ट, प्रसन्न आवाजात म्हणाला, “पोरी, काळजी करू नको. आता गरम वाटतंय.”

तिला त्याचा अर्थ माहीत होता. प्रशिक्षणात शिकवतात. थंडी शेवटच्या टप्प्याला गेली की माणसाला उकडायला लागतं, तो कपडे काढतो. “कोट काढू नका,” ती म्हणाली, “ओसिप, माझं ऐका, कोट अंगावरच ठेवा, गाडीतून उतरू नका.” गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि वारा. मग खूप वेळ नुसता वारा, त्याचा श्वास, बर्फात रुतणारी पावलं. मग ठोकल्याचा आवाज. पत्र्यावर. टण, टण, टण. “लेस्या,” तो म्हणाला, “दार उघड.” पुन्हा टण टण. “लेस्या, मी आलोय. घर माझंच आहे, उघड.” लेस्या म्हणजे त्याची मुलगी, हे त्याने आधी सांगितलं होतं. ओडेटने पडद्याकडे पाहिलं. वर्तुळ तेवढंच मोठं होतं. बेव्हर्लीचा हात खुर्चीवरून तिच्या खांद्यावर आला होता. आणि तेव्हा, कुठल्याही पुस्तकात नाही असं, ती म्हणाली, “आले, पापा.” ठोकणं थांबलं. वारा. एक छोटा खोकला. “बरं, पोरी,” तो म्हणाला. त्यानंतर काही नाही. दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर तो सापडला, गाडीपासून बऱ्याच अंतरावर, धान्य साठवायच्या पत्र्याच्या रिकाम्या कोठीला टेकून. कोट गाडीच्या सीटवर होता, नीट घडी घातलेला. चौकशी झाली. कुणाचंच काही चुकलं नव्हतं. ओडेटच्या शेवटच्या दोन शब्दांबद्दलही चौकशीतल्या लोकांनी काही विचारलं नाही. एकजण उठून खिडकीपाशी गेला, एवढंच.

पुढचे काही आठवडे ती कामावर जात राहिली. मग एक दिवस एका बाईने फोनवर सांगितलं, की तिचं घर गरम ठेवणारी भट्टी बिघडली होती, ती आता चालू झालीये, आता गरम वाटतंय, गाडी नको; आणि ओडेट खुर्चीवरून उठली, कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं, कोट न घेता बाहेर गेली आणि वाहनतळावर उभी राहिली. तिला कुणीतरी आत आणलं. ती परत त्या खुर्चीत बसली नाही. घरात मग एकेक गोष्ट गरम व्हायला बंदी झाली. गरम पाण्याची आंघोळ नको. गोधडी नको. ओव्हनचं दार उघडलं की तोंडावर येणारा वाफारा नको. लिओनेल हिवाळ्यात स्वेटर घालून झोपायला लागला, कारण तिला भट्टीची कळ खाली ओढलेली लागायची. पहाटे ती ओरडत उठायची. स्वप्न दर वेळी तेच नसायचं. कधी कोठी तिच्या माहेरच्या अंगणात असायची, कधी ठोकणारा लिओनेल असायचा. आवाज मात्र तोच. टण, टण, टण. जागेपणी माणसांत असताना ती दाराकडे पाठ करून बसायची नाही. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, हळूहळू विसरशील. डॉक्टर रायमर मात्र तसं म्हणाले नाहीत. मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातला माणूस, लांब हातांचा, कमी बोलणारा. “आठवण निराळी आणि हे निराळं,” ते म्हणाले. “आठवण मागे पडते. हे मागे पडत नाही. तुमच्या शरीराच्या हिशेबी ते अजून चालूच आहे.” ओडेटला वाटलं, चला, कुणीतरी कबूल केलं. म्हणजे फोन चालूच आहे.

उपचार सगळे झाले. डोळे मिटून तीच हकिकत पुन्हा पुन्हा सांगायची, असा एक होता. समोरची तरुण मानसोपचारतज्ज्ञ चांगली होती, पण ओडेट ती हकिकत केंद्रातल्या सपाट आवाजात सांगायची, जशी पोलिसांना सांगतात तशी, आणि ती तरुण मुलगी म्हणायची, “तुम्ही कुठे आहात यात?” ओडेट पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करायची. गोळ्या झाल्या. त्यांनी तोंड कोरडं पडलं, पायांना सूज आली, आणि स्वप्नं होती तशीच राहिली, फक्त त्यांतून जागं व्हायला जास्त वेळ लागायला लागला. मग रायमर म्हणाले, गांजाच्या तेलाचा विचार करता येईल. “खोटं सांगत नाही, पुरावा फारसा भक्कम नाही. काहींची वाईट स्वप्नं कमी होतात. काहींची भीती उलट वाढते. दुखणं मुळापासून यानं जात नाही. घेतल्यावर गाडी चालवायची नाही. आणि मनानं बंद करायचं नाही, बंद केलं की दाबून ठेवलेली स्वप्नं सगळी एकदम वर येतात.” घरी येताना लिओनेल गाडीत हसत सुटला. “जन्मभर गांजा ओढणाऱ्या पोरांना बसमधून उतरवलं,” तो म्हणाला, “आता कुणाला उतरवू? तुला?” कितीतरी दिवसांनी ती हसली. जिनेट फोनवर म्हणाली, “नन बायकांच्या शाळेत शिकलीस गं तू!” आणि लगेच हळू आवाजात, “माझ्या गुडघ्याला चालेल का ते, विचार ना.”

पहिल्या दिवशी तिने जिभेखाली थेंब घेतले आणि खुर्चीत बसून राहिली. चव गवताची होती, ओल्या पोत्याची. बराच वेळ काही झालं नाही. मग पोटऱ्यांतून ऊब वर चढायला लागली. सावकाश, गोड, बिनतक्रार ऊब, मांड्यांतून कमरेत, कमरेतून पाठीत. लोक यासाठीच घेत असतील. ओडेट उठली, मागचं दार उघडलं आणि अनवाणी बर्फात जाऊन उभी राहिली. लिओनेलने तिला उचलून आत आणली तेव्हा ती सारखी म्हणत होती, “कोट काढू नका, कोट काढू नका.” दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. रायमरांनी थेंब कमी केले, दुसऱ्या प्रकारचं तेल दिलं, ते अगदी सावकाश वाढवत नेलं. तिने दात दाबून ऊब सोसायला शिकून घेतलं. आणि एका सकाळी ती जागी झाली तर उजाडलेलं होतं, आणि मधे काहीच नव्हतं. काळं, गुळगुळीत, बिनदाराचं काहीतरी, ज्यात ती पडली होती आणि ज्यातून ती बाहेर आली होती. लिओनेल स्वयंपाकघरात शीळ घालत होता. त्या नाताळात तिने कचोऱ्या केल्या, ओव्हनचं दार स्वतः उघडलं, वाफारा तोंडावर घेतला. जिनेटच्या नवऱ्याच्या गोष्टीला हसली. तिचं अंग भरलं. सगळे म्हणाले, ओडेट परत आली. तिला एकटीलाच कळत होतं की कुठेतरी चोरी होतेय. स्वप्नं गेली तेव्हा त्यांच्यासोबत एक गोष्ट गेली होती. “बरं, पोरी.” हे दोन शब्द तिने त्या सगळ्यातून आपल्यासाठी उचलून ठेवले होते. बाकीचं कितीही वाईट असलं तरी म्हातारा दारात पोचला होता, आतून कुणीतरी ओ दिली होती आणि तो बरं म्हणाला होता. हे तिनं त्याच्यासाठी केलं होतं. आता तिला शब्द माहीत होते, पण आवाज ऐकू येत नव्हता. घोगरेपणा कसा होता, खोकला आधी होता की नंतर. ती भांडी घासताना प्रयत्न करायची. शब्द यायचे, कोरडे, छापलेल्यासारखे. म्हातारा नाही.

तेल मागवायचा तो फोन असा अर्धवट राहिला, आणि दुसऱ्याच दिवशी बेव्हर्लीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, “ओडेट, त्या होलोवाटींच्या मुलीला तुला भेटायचंय. लेस्याला. नाही म्हणालीस तरी चालेल. मी तिला तुझं नावसुद्धा सांगितलेलं नाही.”

“काय हवंय तिला?”

“शेवटी काय म्हणाले ते. टेप ऐकायचा का, विचारलं होतं आम्ही. नको म्हणाली. यंत्रातून नको, म्हणाली, माणसाच्या तोंडून हवं.”

ओडेटला स्वतःलाच नवल वाटलं, इतक्या पटकन ती हो म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला कळलं की तिला त्या मुलीला काहीतरी द्यायचंय, आणि जे द्यायचंय ते तिच्यापाशी नाही. तेल संपलं तेव्हा तिने लिओनेलला सांगितलं, की नवीन बाटली येतेय. स्वप्नं रायमर म्हणाले होते तशी आली, सगळी एकदम, बांध फुटल्यासारखी. ओसिप तिच्या स्वयंपाकघरात बसून पिरोगी खात होता आणि त्याच्या हातांना बोटं नव्हती. तिच्या आईला कोठीत कोंडलं होतं. बेव्हर्ली पत्र्यावर हातोडा मारत होती आणि म्हणत होती, ठिकाण सांग. ओडेट घामाने थबथबून उठायची, दात वाजायचे, लिओनेल दिवा लावून बसायचा आणि म्हणायचा, “रायमरांना फोन करतो मी,” आणि ती म्हणायची, “आणखी थोडे दिवस. लिओ, थोडेच दिवस.” स्वप्नातला ओसिप पुष्कळ बोलायचा आणि ते सगळं त्याने खरंच म्हटलं होतं की नाही, हे तिला सांगता येत नसे. पण एका पहाटे, कुठल्याही स्वप्नाशिवाय, नुसती पडलेली असताना, तो आला. आधी वारा, मग छोटा खोकला, मग त्या जाड, घोगऱ्या, दमलेल्या आवाजात: “बरं, पोरी.” अगदी कानाशी. ती उशीत तोंड खुपसून रडायला लागली. लिओनेलला वाटलं आता संपलं सगळं, हिला दवाखान्यात न्यावं लागणार. तो पायांत मोजे चढवायला लागला. आनंदाने रडतेय, हे तिला त्याला समजावून सांगता येईना.

लेस्या शनिवारी दुपारी आली. दणकट हाडांची, चाळिशीची बाई, दातांच्या दवाखान्यात कामाला. येताना तिने खसखशीचा रोल आणला होता आणि तो कुठे ठेवायचा हे न कळून बराच वेळ हातातच धरून उभी राहिली. लिओनेल कॉफी ठेवून गॅरेजमध्ये गेला. दोघी टेबलाशी बसल्या. बाहेर लख्ख ऊन होतं, बर्फावरून डोळ्यांत येणारं.

“त्रास देतेय तुम्हाला,” लेस्या म्हणाली. “तुम्हीही आजारी होतात, असं कळलं.”

“बरी आहे मी.”

“त्यानं त्या दिवशी आधी मला फोन केला होता. माहितीये तुम्हाला?”

ओडेटला माहीत नव्हतं.

“मी पाहिला फोन. नाव आलं होतं पडद्यावर. नाही उचलला.” लेस्या कॉफीत बघत बोलत होती. “भांडण होतं आमचं. घर विकायचं की नाही, यावरून. त्याला वाटायचं, मी त्याला घराबाहेर काढतेय. मी म्हटलं, ओरडायचं असेल त्याला, मग ऐकू. मग तुम्हाला केला असणार त्यानं.” तिने कप सरकवला. “एकच विचारायचंय. त्यानं माझं नाव घेतलं का?”

‘घर माझंच आहे, उघड’ हे वाक्य ओडेटला आठवलं. ते ती सांगणार नव्हती. पण नाव घेतलं नाही असंही तिला म्हणवेना. त्या बाईचे हात टेबलावर उताणे पडले होते. आणि तिच्यापाशी त्या वाक्याच्या पुढचं होतंच की, आठवडाभर मरणाची स्वप्नं सोसून परत आणलेलं. “घेतलं,” ती म्हणाली. “त्यांना वाटलं ते घरी पोचलेत. दार ठोकत होते. लेस्या, दार उघड, म्हणाले.”

लेस्याने कप पुन्हा पुढ्यात ओढला.

“पण ऐका,” ओडेट घाईने म्हणाली, “ते तसे गेले नाहीत. मी उत्तर दिलं. तुमच्या जागी मी दिलं. देऊ नये, नियम नाही, पण दिलं. मी म्हटलं, आले, पापा. आणि ते थांबले. अगदी शांत झाले. बरं, पोरी, म्हणाले. असं,” आणि तिने छोटा खोकला काढून त्याच्या आवाजात म्हणून दाखवलं, “बरं, पोरी. मुलगी दार उघडायला येतेय, एवढं त्यांना कळलं होतं. तेवढं घेऊन गेले ते.”

लेस्याने तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले नाहीत, उलट कोरडे आणि बारीक झाले, एखाद्या किडलेल्या दातात बघावं तसे. “पापा म्हणालात?” तिने विचारलं.

“हो.”

“आम्ही पापा म्हणत नाही. युक्रेनी लोकांत तातो म्हणतात. आणि मी तर तेही कधी म्हटलं नाही. आई म्हणायची म्हणून मीही लहानपणापासून ओसिपच म्हणायचे. अरे ओसिप, ए ओसिप. चिडायचा तो.” ती थांबली. “आणि मला तो पोरी म्हणायचा नाही. लेस्याच म्हणायचा. पोरी कुणाला म्हणायचा तो?”

ओडेटच्या कानात ती वाक्यं पुन्हा आली. पोरी, मी पांढऱ्यात आहे. पोरी, काळजी करू नको. दुपारपासून अंधार पडेपर्यंत तो तिला एकटीलाच पोरी म्हणत होता.

“म्हणजे कळलं होतं त्याला,” लेस्या म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, ती फक्त पुढचं पाऊल टाकत होती, कारण ते समोर होतं. “दारात मी नाही, हे कळलं. दारच नाही, हे कळलं असणार.” मग तिने ओडेटच्या तोंडाकडे पाहिलं आणि आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. “तुम्ही चांगल्या मनानंच म्हणालात,” ती म्हणाली. “दुसरं कुणी तेवढंही केलं नसतं.” ती उठली, आपला कप विसळून पालथा घातला, कोटाची बटणं लावली. दारापाशी ती ओडेटच्या गालाला गाल लावायला वाकली आणि मधेच थांबली, नुसता दंडाला हात लावून निघाली. गॅरेजपाशी ती लिओनेलशी दोन शब्द बोलली असावी. मग तिची गाडी गेली.

लिओनेल आत आला तेव्हा ओडेट टेबलाशीच बसली होती. रोल तसाच होता. “चांगली वाटली मुलगी,” तो म्हणाला. “तुझे आभार मानत होती. झालं ना मनासारखं?” तिने त्याला सांगायचं ठरवलं आणि तोंड उघडलं, आणि तिला दिसलं की हे सांगता येण्यासारखं नाही. म्हातारा त्याच्या मनाने घरी होता. पायांखाली त्याच्या घराची पायरी होती, आत त्याची मुलगी होती, चिडलेली असेल पण होती. बाहेर काढायची भीती, भांडण, सगळं त्याच्या ओळखीचं होतं. ‘आले, पापा’ या दोन परक्या शब्दांनी तिने त्याला तिथून उचलून परत शेतात आणलं होतं, काळोखात, कोटाविना, रिकाम्या पत्र्यासमोर. आणि त्याने, भानावर आल्यावर, तिलाच समजावलं होतं. बरं, पोरी. खोकला, दमलेला आवाज. इतके दिवस ती ज्याला समाधान समजत होती तो आवाज तिला आता बरोबर ओळखता येत होता. केंद्रात इतकी वर्षं तिने स्वतः तोच तर वापरला होता. समोरच्याला कळू द्यायचं नाही, की कुणी येत नाहीये.

“लिओ,” ती म्हणाली, “बाटली आलेली नाही. मी मागवलीच नव्हती.”

लिओनेलने शिवी घातली, मग क्षमा मागितली, मग बाहेरच्या खोलीत जाऊन स्वतः फोन केला आणि सगळा वेळ कानाला धरून बसला. बाटली आली. रायमरांनी पुन्हा कमी थेंबांपासून सुरुवात करून दिली, पण या वेळी तिला दात दाबावे लागले नाहीत. ऊब चढायला लागली की ती हात पाय सैल सोडून तिला वाट करून द्यायची. बर्फ वितळलं, घराजवळची सीन नदी काठांवर आली आणि उतरली. जिनेटच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ओडेट रोज तिच्याकडे डबा घेऊन गेली. लेस्याचा फोन आला नाही, ओडेटनेही केला नाही. झोप लागायची ती सकाळी संपायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर रायमरांकडे जायचं होतं. लिओनेल बाहेर थांबला.

“झोप?” रायमरांनी विचारलं.

“लागते.”

“स्वप्नं?”

“नाहीत.”

“एकही नाही?”

“नाही.”

रायमरांना बरं वाटलेलं दिसलं. ते फारसे हसत नसत, पण त्यांचे लांब हात टेबलावर सैलावले. “मग थेंब थोडे कमी करून बघायचे का? सावकाश.”

“नको,” ओडेट म्हणाली, आणि इतक्या घाईने म्हणाली की त्यांनी पेन खाली ठेवलं.

“त्या फोनमधलं आता काय आठवतं?” त्यांनी विचारलं. “त्रास होत असेल तर नका सांगू.”

त्रास होत नव्हता. ती खरोखरच आठवायला लागली. वारा आठवेना. ठोकणं आठवेना. तिथे कुणीतरी बोलत होतं, कशाबद्दल ते आठवेना. खिडकीबाहेर कुणाची तरी मुलं सायकली घेऊन ओरडत चालली होती आणि तिला ती कितीतरी लांब वाटली.

“एक म्हातारा होता,” ती म्हणाली. “तो घरी पोचला होता.”

रायमर पुढे वाकले. “मग?”

“मग मी त्याला हाक मारली.”

पुढे काही नव्हतं. मग त्यांनी पेन उचललं आणि तेवढेच थेंब पुन्हा लिहून दिले.